अर्धा सेकंद डावीकडे

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कपाटं आणि भिंत यांच्यामध्ये उरलेल्या बोळकांडीत, एक टेबल, एक संगणक आणि एक कुरकुरणारी खुर्ची एवढा संसार मांडून ताई सकाळी नऊ वाजता बसल्या. संध्याकाळी पाच वाजता मास्तर गाणं ऐकायला येणार होते. तोवर बारा माणसांचे बारा आवाज एकत्र करून त्यांचं एक गाणं व्हायला हवं होतं. खरं सांगायचं तर अकराच. बारावा आवाज ताईंच्या धाकट्या बहिणीचा होता, आणि तो गाळायचा, असं ताई परवाच कबूल करून बसल्या होत्या.

हे बारा जण दर बुधवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गायला जमत. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, एक शिंपी होते, दोन नर्सबाई होत्या, आणि बाकीची मंडळी नोकरीतून सुटून घरच्यांच्या पायात पायात यायला लागलेली. गाणं येत होतं तिघाचौघांना, हौस मात्र बाराही जणांना होती. त्यांना शिकवणारे मास्तर हे गाण्याचे मास्तर नव्हतेच. ते स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. पण अकॉर्डियन बरा वाजवत, आवाज खणखणीत होता, आणि लोक आधीपासून मास्तर म्हणतच होते, तेव्हा नवीन नाव शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. चौतीस वर्षं गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाला उशीर म्हणून सहन व्हायचा नाही. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर लोक चहा पितात, ते म्हणायचे, आवाज अर्धा सेकंद उशिरा आला तर लोक हसतात.

तर झालं असं, की वरच्या हॉलची फरशी उखडली. सगळी इमारतच रंगवून, डागडुजी करून घ्यायची ठरली आणि वाचनालय दोन महिने बंद राहिलं. येत्या सोमवारी ते पुन्हा उघडणार होतं. ग्रंथपालबाईंच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. रोज सकाळी दहाला दार उघडताना दारावरच्या स्पीकरमधून एक गाणं लागावं, आणि ते आपल्याच सभासदांनी म्हटलेलं असावं. 'या, दार उघडं आहे' अशा सुरुवातीचे शब्दही बाईंनीच लिहिले, मास्तरांनी चाल बांधली. रोज सकाळी, वर्षानुवर्षं लागणार म्हटल्यावर बाराही जणांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण गायचं कुठे? हॉलमध्ये तर वाळूचे ढीग.

मग ठरलं, की ज्यानं त्यानं आपल्या घरी म्हणायचं. एका फोनवर मास्तरांचा अकॉर्डियन लावून तो कानात घ्यायचा आणि दुसऱ्या फोनवर आपला आवाज टिपायचा. अकॉर्डियन सुरू झाल्यावर बरोबर पाचव्या सेकंदाला एक टाळी वाजवायची. ती टाळी गाण्यासाठी नव्हे, जोडणाऱ्यासाठी. बारा जणांच्या बारा टाळ्या एका रेषेत आणल्या, की पुढचं गाणं आपोआप एका रेषेत येतं.

आणि जोडणाऱ्या कोण, तर ताई. ताईंनी सगळा जन्म एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवलेला. एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी त्यांच्या डोळ्यांना तो टोचायचा. "तुम्हाला पानावरचं दिसतं, तसं पडद्यावरचंही दिसेल," असं म्हणून ग्रंथपालबाईंनी त्यांना आवाजाचं सॉफ्टवेअर उघडून दिलं आणि त्या रंगाऱ्यांशी भांडायला निघून गेल्या. पुढचे आठ दिवस ताई आणि ते सॉफ्टवेअर एकमेकांना पाण्यात पाहत होते. मग हळूहळू सूत जमलं.

परवा मास्तरांनी त्यांना जिन्याखाली गाठलं होतं.

"ताई, एक नाजूक बोलायचंय."

"बोला की."

"तुमच्या धाकट्या बहिणीचं." मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं. "बाई मनानं सोनं आहे हो. पण दर ओळीला मागून येते. हॉलमध्ये चालून जातं, बुधवारी ऐकतंय कोण? हे रोज लागणार. रोज सकाळी दारात सगळे पुढे आणि एक आवाज मागून धावत येतोय, असं कसं चालेल?"

त्यात खोटं काहीच नव्हतं.

"कुणाला काही सांगायची गरज नाही," मास्तर म्हणाले. "फाईल तुम्ही ओढलीच नाहीत, तर ती गाण्यात आलीच नाही. बारा आवाजांत एक नसला तर कुणाला कळतंय? तिलाही कळायचं नाही."

आणि ताई हो म्हणाल्या. पटकन म्हणाल्या. एवढ्या पटकन, की घरी जाताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

कारण धाकटीला कळणार होतं. धाकटीनं ते गाणं अकरा वेळा टिपलं होतं आणि अकराव्यांदा मनासारखं झालं म्हणून ताईंना फोन करून अर्धा तास पिडलं होतं. दूधवाला, शेजारीण, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळ्यांना सांगून झालं होतं, की सोमवारपासून वाचनालयाच्या दारात मी गाणार. धाकटीचं सगळंच असं. पोटात काही राहायचं नाही. ताईंच्या पाठोपाठ ती शाळेत आली, ताईंच्या पाठोपाठ टायपिंगच्या वर्गाला आली, आणि ताई गायला जायला लागल्या तर आठवड्याभरात तीही दारात हजर. तिथेही ताईंच्या बरोबर मागे उभी राहायची. ताईंच्या मानेवर तिचा श्वास लागायचा आणि ताई वैतागायच्या.

असो. ताईंनी पेन ड्राइव्ह लावला. एका खिडकीत बारा फाईली ओळीनं दिसायला लागल्या, दुसऱ्या खिडकीत सॉफ्टवेअरचं मोकळं पान. धाकटीची फाईल सोडून बाकीच्या अकरा त्यांनी निवडल्या, माउसनं धरल्या, ओढत त्या मोकळ्या पानावर आणल्या आणि सोडल्या. छापखान्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांसाठी बाण काढले होते, हे उचला, तिकडे न्या, म्हणून. उचलणारे हात कायम दुसऱ्याचे. आता स्वतः उचलायचं आणि स्वतः ठेवायचं, यात त्यांना फार मजा वाटायची. ओढताना त्यांची जीभ दातांत यायची, पण ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

संगणकानं विचारलं, एकापाठोपाठ एक लावू, की एकाखाली एक?

ताई पडल्या पुस्तकातल्या. पहिल्या प्रकरणानंतर दुसरं येतं, एवढं त्यांना ठाऊक. त्यांनी एकापाठोपाठ एक सांगून टाकलं आणि ऐकायला बसल्या. आधी डॉक्टर एकटेच गायले. ते संपले, मग शिंपी एकटे. मग नर्सबाई. चार मिनिटांचं गाणं चव्वेचाळीस मिनिटांचं झालं होतं. एवढं गाणं दारात लावलं, तर माणसं बाहेरच्या बाहेर परत गेली असती.

पण हसत हसत त्या ऐकत राहिल्या, कारण ही मंडळी त्यांनी अशी सुटी सुटी कधी ऐकलीच नव्हती. डॉक्टर इतके हळू म्हणत होते, जणू शेजारी कुणाचा दात काढायचाय. शिंप्यांच्या मागे कुठेतरी मशीन चालू होतं. एका नर्सबाईंनी कडव्याच्या मध्येच "अरे दार लाव" म्हणून घेतलं होतं. आणि मग आला त्यांचा स्वतःचा आवाज. ताई सावरून बसल्या. बरा होता. दुसऱ्या कडव्यात मात्र ओळ संपायच्या आधीच, शब्द मधोमध तोडून, त्यांनी श्वास घेतला होता. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी किंचित खाकरल्या होत्या आणि त्यापायी पहिला शब्द जरा लांबला होता. आपल्या हातून गेलेली चूक आपल्यालाच सापडावी, यासारखी चिडचिड दुसरी नाही. पण अकरा आवाजांत ती बुडून जाईल, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत काढली.

मग सगळं पुसून पुन्हा अकरा फाईली ओढल्या आणि या वेळी एकाखाली एक लावल्या. पडद्यावर अकरा आडवे निळे पट्टे आले. प्रत्येक पट्ट्यात आवाजाच्या बारीक बारीक रेघा, आणि सुरुवातीला टाळीचा एक उंच खिळा. हे खिळे पुढेमागे होते, कारण कुणी फोनचं बटण आधी दाबलेलं, कुणी नंतर. ताईंनी एकेक पट्टा धरून डावीकडे उजवीकडे सरकवला. सगळ्या टाळ्या एका रेषेत आल्या, तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यांनी ऐकायचं बटण दाबलं.

अकरा जणांनी मिळून एकच टाळी वाजवली आणि गाणं सुरू झालं.

ताईंच्या अंगावर काटा आला. खुर्चीत बसल्या बसल्या त्या डोलायला लागल्या. डॉक्टर ऐकू यायला लागले होते, शिंप्यांचं मशीन तालात चालल्यासारखं वाटत होतं. झालं होतं गाणं! मास्तर खूश होणार, यात शंका नव्हती. ताईंनी डबा उघडून दोन घास खाल्ले, पाणी प्यायल्या, आणि परत पडद्याकडे पाहिलं तर फाईलींच्या खिडकीत धाकटीची फाईल एकटीच न ओढलेली राहिली होती.

नुसतं ऐकायला काय हरकत आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि ओढली.

बारावा पट्टा खाली येऊन बसला. टाळी तर चांगली ठसठशीत होती. ती रेषेत आणली आणि गाणं लावलं. मास्तरांचं खरं होतं. 'या' म्हणून अकरा जण म्हणायचे आणि मागून एक 'या' यायचा. 'दार' म्हणून झालं, की मागून 'दार'. कुठल्याही ओळीला चुकायचा नाही तो उशीर. पहिल्या ओळीला जेवढा, तेवढाच शेवटच्या ओळीला. ताईंना आधी हसू आलं आणि मग राग आला. अकरा वेळा म्हणून बघितलं ना या बाईनं? अकरा वेळा ही अशीच मागून धावत होती?

पट्टा पुसून टाकावा म्हणून त्यांनी माउस नेला आणि धरला, पण बोटाला डब्यातलं तेल लागलं होतं. हात सटकला आणि पट्टा पुसायच्या ऐवजी थोडासा डावीकडे सरकला. गाणं चालूच होतं. आणि धाकटीचा उशीर नाहीसा झाला.

ताई दचकल्या. त्यांनी गाणं थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावलं. धाकटी वेळेवर! पहिली ओळ वेळेवर, दुसरी वेळेवर, सगळं गाणं वेळेवर. पट्टा सरकला होता जेमतेम अर्धा सेकंद. ताल चुकणारं माणूस असं नसतं. ते एका ओळीला मागे असतं, दुसऱ्या ओळीला पुढे पळतं. ही मात्र शेवटपर्यंत ठरलेल्या अंतरानं कुणाच्या तरी मागून चालली होती.

प्रूफ तपासणाऱ्या बाईला एवढं पुरे असतं. ताईंनी बाकीचे दहा आवाज बंद केले आणि आपला आणि धाकटीचा, असे दोनच पट्टे एकाखाली एक ठेवून ऐकले. दुसरं कडवं आलं. ताईंनी ओळ संपायच्या आधी, शब्द मधोमध तोडून, श्वास घेतला. त्याच जागी धाकटीनंही घेतला. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ताई खाकरल्या. धाकटी तेवढा वेळ थांबली आणि पहिला शब्द तिनं तेवढाच लांबवला. दुसऱ्या कुणीही, अगदी कुणीही, तिथे तसं केलेलं नव्हतं. अकॉर्डियनमध्ये तिथे श्वासाला जागाच नव्हती.

ताईंनी फोन लावला.

"काय गं, झालं का माझं गाणं?" धाकटीनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"म्हणताना कानात काय लावलं होतंस?"

"कानात? तुला."

"मला म्हणजे?"

"अगं तू नव्हतं का तुझं म्हटलेलं मला पाठवलंस, असं म्हणायचं म्हणून? ते."

"अगं बाई, ते एकदा ऐकण्यासाठी होतं! म्हणताना मास्तरांचा अकॉर्डियन लावायचा होता."

"लावून बघितला ना. पहिले चार वेळा तोच लावला. पण त्यात मला सुरू कुठून करायचं तेच कळेना, नुसताच भ्यँ करतो तो. तू 'या' म्हटलंस की मला कळतं, आता आपण म्हणायचं." धाकटीचं चालूच होतं. "बुधवारीसुद्धा मी तशीच म्हणते. तुझी मान जरा वर होते ना, ती बघून. का? चुकलं का काही?"

ताईंनी पडद्यावरच्या टाळीच्या खिळ्याकडे पाहिलं.

"आणि टाळी? टाळी तर वेळेवर आहे तुझी."

मागून धाकटीच्या नवऱ्याचा आवाज आला. त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि थेंब मोजून देण्यात हयात गेलेली.

"ताई, टाळी माझी आहे!" ते ओरडून म्हणाले. "हिचे दोन्ही हात कानावर दाबलेले. मी घड्याळ लावून बसलो होतो. हिनं तुमचं गाणं लावल्यापासून पाच सेकंद म्हणजे पाच सेकंद!"

"हो भाऊजी," ताई म्हणाल्या. "टाळी छान आहे."

"मग आलं ना माझं?" धाकटीनं मध्येच तोंड घातलं. "सोमवारी सगळी आळी येणार आहे गं ऐकायला. मला बाई काल झोपच लागली नाही."

"ठेवते आता," ताई म्हणाल्या. "काम पडलंय."

फोन ठेवल्यावर त्यांना रडू आलं. चार वर्षं मानेवर तो श्वास घेऊन त्या वैतागत होत्या. ही कायम मागून येते, हिला ताल नाही, हिला कान नाही, असं त्या स्वतःही मास्तरांकडे बोलल्या होत्या. आणि हिचा कान इतका पक्का, की ताईंचं खाकरणंसुद्धा तिनं सोडलं नव्हतं. फक्त तो कान सबंध गाण्यात एकाच माणसाकडे लागलेला होता.

पदरानं डोळे पुसून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. धाकटीचा पट्टा सरकवलेल्या जागीच होता. बाराही आवाज सुरू करून त्यांनी पुन्हा ऐकलं, आणि तेव्हा नवीनच पंचाईत लक्षात आली. दुसऱ्या कडव्यातला तो चुकीचा श्वास आता दोघी मिळून, अगदी एकाच वेळी घेत होत्या. एकट्या ताईंचा होता तेव्हा तो बाकीच्यांत बुडून गेला होता. दोघींचा झाल्यावर तिथे खळगा पडल्यासारखा ऐकू यायला लागला. धाकटीला ठेवलं, तर ताईंची चूक उघडी पडत होती. गाळलं, तर गाणं निर्दोष. आणि शब्द तर मास्तरांना दिलेला होता.

चूक राहिलेलं पान छापायला सोडायचं, या विचारानंच त्यांचा जीव कासावीस होत होता. मग त्यांनी आवाज साठवायचं बटण दाबलं. बाराच्या बारा.

पाचला दोन मिनिटं असताना मास्तर आले. दोन कानांवर दोन मोठे हेडफोन चढवून, डोळे मिटून, हात मागे बांधून, फलाटावर उभे राहावं तसे उभे राहिले. टाळी वाजली. पहिलं कडवं झालं. मास्तरांच्या मिशीखाली हसू दिसायला लागलं. दुसऱ्या कडव्यात त्यांचा एक डोळा उघडला आणि मिटला. तिसरं कडवं संपलं, तसे त्यांनी हेडफोन काढले.

"ताई, काय जमवलंत हो! घड्याळ लावावं असं." ते ताईंनी रिकाम्या केलेल्या खुर्चीवर बसले, खुर्ची कुरकुरली. "बघितलंत? एक आवाज काढला आणि सगळं कसं रुळावर आलं. फक्त दुसऱ्या कडव्यात कुणीतरी भलत्याच ठिकाणी दम घेतंय. एक नाही, दोघंजण घेतायत. कोण आहेत ते?"

"एक मी," ताई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"मी. आणि दुसरी धाकटी."

मास्तरांनी हेडफोन टेबलावर ठेवले.

"तुम्हाला शब्द दिला होता, तो मोडला," ताई म्हणाल्या. "ती यात आहे, मास्तर. पहिल्या ओळीपासून आहे. तुम्हाला ऐकू आली नाही, कारण ती उशिरा नाहीच. ती गाण्याच्या मागे नव्हती, माझ्या मागे होती. तिनं तुमचा अकॉर्डियन काढून मला कानात लावलं. मी तिला अर्धा सेकंद डावीकडे सरकवलं, एवढंच. आणि तो दम घेतलाय ना, तो चुकलाय माझा. तिनं तो इमानानं उतरवलाय."

मास्तरांनी हेडफोन परत चढवले. "लावा," एवढंच म्हणाले. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. पडद्यावरच्या खालच्या पट्ट्यावर बोट ठेवून त्यांनी चार मिनिटं ऐकलं. ताईंना ती चार मिनिटं चाळीस वाटली.

"हे खर्जातले सूर तिचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चार वर्षं मला वाटतंय, ते डॉक्टर म्हणतात." मास्तरांनी डोकं खाजवलं. "स्टेशनवर कसं असतं, ताई, एखादी गाडी रोज उशिरा येते. आम्ही त्या गाडीला शिव्या घालतो. तिच्या पुढच्या गाडीनं सिग्नल अडवलाय का, ते मात्र बघत नाही." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे तुम्ही अडवलात असं नाही हो."

"असू दे," ताई म्हणाल्या. "अडवलाच होता."

"मग तो दम? तुम्ही पुन्हा म्हणून टाका ती ओळ. तिलाही म्हणायला लावा. उद्याचा दिवस आहे अजून."

ताईंनी विचार केला होताच. धाकटीला पुन्हा म्हणायला सांगायचं, म्हणजे आधीचं चुकलं हे सांगायचं. अकराव्यांदा मनासारखं झालेलं बाराव्यांदा कोण मागणार तिच्याकडून?

"राहू द्या तो," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी कुणालातरी वाटेल, दोन बायका चालत आल्यात, दमल्यात जरा."

मास्तर हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर ते तिसऱ्यांदा गाणं ऐकायला बसले.

सोमवारी दहाला पाच कमी असताना वाचनालयाच्या बाहेर पन्नासेक माणसं होती. त्यातली निम्मी धाकटीनं आणलेली. नव्या रंगाचा वास येत होता. डॉक्टर आपल्या पेशंटांनाही घेऊन आले होते, शिंपी स्वतः शिवलेल्या नव्या कोटात उभे होते. धाकटी ताईंच्या मागे येऊन उभी राहिली आणि ताईंच्या मानेवर तो ओळखीचा श्वास लागला. ताईंनी हात मागे नेऊन तिचं मनगट धरलं आणि तिला ओढून आपल्या शेजारी आणलं.

ग्रंथपालबाईंनी कडी काढली. स्पीकरमधून एक टाळी वाजली, त्याबरोबर धाकटीच्या नवऱ्यानं कोपरानं शेजाऱ्याला डिवचलं, आणि गाणं सुरू झालं.

धाकटी मान वाकडी करून ऐकत होती. बारा आवाजांत स्वतःला शोधत होती. पहिली ओळ संपली तरी तिला सापडेना, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. ती मागे शोधत होती. सगळे म्हणून झाल्यावर जो आवाज येतो, तो आपला, एवढं तिला ठाऊक असावं. दुसरं कडवं आलं, आणि तो श्वास आला, दोघींचा एकदम. धाकटीनं चमकून ताईंकडे पाहिलं. मग तिनं ओठ हलवत पुढची ओळ म्हणून पाहिली, ताईंच्या आवाजाशेजारी आपला आवाज तिला सापडला, आणि गाणं संपेपर्यंत तिनं ताईंचा हात सोडला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दी दारातून आत जायला लागली, तशी ती ताईंच्या कानाशी आली.

"ताई," ती हळूच म्हणाली, आणि हळू बोलणं हा तिचा स्वभावच नव्हता. "आपण बरोबर आहोत गं गाण्यात. शेवटपर्यंत बरोबर. या वेळेला तू थांबलीस ना माझ्यासाठी?"

ताईंकडे उत्तर तयार होतं. माउस, पट्टा, अर्धा सेकंद, डावीकडे, सगळं त्या नीट समजावून सांगू शकल्या असत्या. कुणी चुकीचं बोललं आणि ताईंनी ते सुधारलं नाही, असं आजवर घरात कधी घडलं नव्हतं.

"हो," ताई म्हणाल्या. "थांबले."